घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?"

गाडीचं दार उघडून एक पाय खाली टाकायच्या आतच त्यानं मला विचारलं. नमस्कार नाही, टाकी कुठं आहे याची चौकशी नाही.

"दोघं," मी म्हणाले.

"कोण कोण?"

"मी आणि आमचे साहेब."

"मग सायबांस्नी बी भायेर बोलवा. घरातलं समदं माणूस डोळ्यानं बघितल्याबिगार मी झाकणाला हात लावत न्हाई."

मी फाटकाची कडी हातात धरून उभीच राहिले. संडासाची टाकी उपसणारा माणूस येईल, पाईप सोडेल, उपसेल आणि जाईल, एवढीच माझी कल्पना. हा जनगणनेला आल्यासारखा पाय रोवून उभा.

"त्यांना बरं नाही. झोपलेत," मी म्हणाले.

गाडीच्या दुसऱ्या दारातून एक बाई उतरली. नऊवारीवर पुरुषी शर्ट चढवलेला, डोक्याला घट्ट फडकं. "ही मंगल, माझी मालकीण," तो म्हणाला. "मशीन ती बघती, टाकी मी. मी रंगनाथ चोरमले." मंगलनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि सरळ पाईप सोडायला घेतला. नवरा बोलणार आणि काम आपण करणार, हे तिनं फार पूर्वीच मान्य केलेलं दिसत होतं.

ही गोष्ट फलटणची. गावातली नव्हे, कालव्याच्या पलीकडे प्लॉट पाडले होते तिथली. आज तिथं घरांची रांग आहे, तेव्हा माझं एकटं घर होतं आणि चहूकडे बाभळी आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड. ह्यांनी ते हौसेनं बांधलं. पाटबंधारे खात्यातला माणूस, त्यामुळे पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार याचा नकाशा आधी, घर नंतर. रोज सायकलवर जाऊन गवंड्याच्या डोक्यावर बसायचे. वास्तुशांत झाली आणि पहिली दिवाळी यायच्या आधीच गेले. दोघांसाठी बांधलेल्या घरात मी एकटी राहायला लागले.

मुलगा नाशिकला. तो म्हणायचा, "आई, इकडे ये." मी म्हणायचे, "इथं शेजार फार चांगला आहे रे." शेजारी होती ती बाभळीवरची होल्यांची जोडपी आणि एक मुंगूस.

आणि साहेब? त्यांची सुरुवात गॅसवाल्यापासून झाली. तो जास्तीची नळी विकायला बघत होता आणि त्याची नजर घरभर फिरत होती, ती मला आवडली नाही. मी म्हणाले, "थांबा, साहेबांना विचारते." आत गेले, कपाटापुढे उगीच उभी राहिले आणि बाहेर येऊन सांगितलं, "नको म्हणतात." तो लगेच गेला. तेव्हापासून साहेब घरात राहायलाच आले. दूधवाल्याला, मीटरवाल्याला, सगळ्यांना साहेब होते. कधी झोपलेले, कधी आंघोळीला गेलेले, कधी रागावलेले. बांधकामाच्या वेळी हे घालायचे त्या चपला, सिमेंटचे ठिपके पडलेल्या, मी मागच्या दाराशी पायरीवर मांडून ठेवल्या होत्या. कारण मागच्या दाराचीच मला भीती वाटायची. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेली बाई, हजारो माणसांना एकमेकांशी जोडून दिलेलं. तिकडे कुणीही नसताना लाईन चालू आहे असं भासवायला मला जड गेलं नाही.

तर रंगनाथला मी मागं नेलं. मागच्या पायऱ्यांपासून एका पावलावर वाळूखाली टाकीची दोन झाकणं होती, लोखंडी कड्या बसवलेली. गेले काही दिवस संडासात पाणी टाकलं की गुडगुड आवाज यायचा आणि दुपारी वास सुटायचा.

"सायेब खरंच उठत न्हाईत?" त्यानं पुन्हा विचारलं.

"ताप आहे म्हटलं ना."

"मग ह्या दाराला भायेरनं कडी लावतो."

"नको. मला सारखं आतबाहेर करावं लागतं. त्यांना पाणी द्यायचं, औषध द्यायचं."

त्याला ते पटलं नाही. तो दाराशी गेला, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला आणि तोंडाभोवती हात धरून, फाटकावरच्या पाटीवर वाचलेलं नाव घेऊन मोठ्यांदा ओरडला, "भिसे सायेब! मागं टाकी उघडतोय बरं का! हिकडं पाऊल टाकू नगा! भिसे सायेब!"

त्या घरात त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. हाक स्वयंपाकघरातून आत गेली, माजघरातून पुढच्या खोलीपर्यंत गेली. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, आतून 'हो' येतंय का ते ऐकत राहिले.

"हूं सुदिक म्हणालं न्हाईत," रंगनाथ म्हणाला.

"गोळीची गुंगी आहे."

मग त्याचं काम सुरू झालं. चिमूटभर माती वर उडवून त्यानं वारा बघितला आणि मला वाऱ्याच्या अंगाला उभं केलं. घरातला गॅस बंद करायला लावला. देवापुढे दिवा आहे का विचारलं. पहारीनं पहिलं झाकण सैल केलं, ते उचललं नाही, बाजूला सरकवलं, आणि तोंड फिरवून मागं आला. दुसरंही तसंच. भोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली. "आता कुणी जवळ जायाचं न्हाई. आतला वायू जाऊ द्या. वास येतोय तवर कळतं तरी. काय येळंला वास बी येत न्हाई, आन् माणूस बसल्या जागी कलंडतं."

आम्ही तिघं कंपाऊंडच्या भिंतीच्या सावलीला बसलो. मंगलनं पिशवीतून शेंगदाणे काढले, माझ्या हातावर मूठभर ठेवले. कुणीतरी न मागता हातावर काही ठेवायची सवय सुटली होती, मला पटकन ओंजळच करता येईना.

"तुम्ही हे असं सगळ्यांकडे करता? माणसं मोजता?"

"मोजून उघडायचं, नावानं हाका मारून मोजून झाकायचं," तो म्हणाला. "वरडू दे कुणाला वरडायचं त्येला."

"हसत्यात लोक," मंगल म्हणाली. "एका घरात तर ह्यांनी पाळण्यातल्या पोराला हाक मारली."

"आन् ते रडलं. रडलं म्हंजी हाय."

आम्ही हसलो. मग तोच म्हणाला, "माझा थोरला भाऊ हुता ह्या धंद्यात. एका वस्तीवर टाकी उघडली. घरातला म्हातारा झोपल्याला, कुणी सांगितलंच न्हाई. उठून डोळं चोळत भायेर आला त्यो थेट आत. भाऊ त्याला काढाय उतरला." त्यानं शेंगदाण्याची सालं फुंकून टाकली. "दोघं बी आतच ऱ्हायले. म्हणून आता आपल्यात आत उतरायचं न्हाई. काय बी हू दे. दोर टाकायचा, बंब बोलवायचा, पण उतरायचं न्हाई."

"शपथ घेतलीया माझी," मंगल म्हणाली.

खरं सांगायचं ते तिथंच सांगायला हवं होतं. पण ऊन कलत होतं, ही माणसं संध्याकाळी जाणार होती आणि मी इथंच राहणार होते. कालव्यापलीकडच्या त्या घरात बाई एकटी असते, ही बातमी त्यांच्या गाडीबरोबर कुठं कुठं फिरेल, असं माझ्या मनात आलं. मी शेंगदाणे खात राहिले.

थोड्या वेळानं त्यानं लांबूनच एक बांबू टाकीत सोडला, त्याच्या टोकाला पांढरं फडकं गुंडाळलेलं. वर काढून कुठवर काळं झालंय ते बघितलं.

"म्याडम, गाळ लई कमी हाय. दोन माणसांचा वाटंना."

"साहेब कमी जेवतात," मी म्हणाले.

मंगलनं माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती पुढं गाडीकडे गेली आणि मशीन सुरू झालं.

पाईप मागच्या पायरीला घासून टाकीत गेला होता आणि मशीनबरोबर थडथडत होता. निम्मं पाणी उपसलं असेल, तोवर पुढून मंगलची हाक आली, "अवो, वढत न्हाई! पाईप चोंदलाय!" रंगनाथनं मागचा पाईप धरून दोन-तीन जोरदार हिसके दिले. नाही जमलं. तो पुढं पळाला, आणि पुढं काय झालं ते बघायला मीही गेले. त्यांनी जोड सोडला, झाडाच्या मुळ्यांचा एक गुंता बाहेर काढला. गुडगुड का होत होती ते कळलं. मला बरं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण काम संपत आलं होतं.

रंगनाथ मागं गेला. लगेच त्याचा आवाज आला, आणि तो आवाज वेगळाच होता.

"म्याडम! सायेब कुठं हायत?"

मी मागं गेले. तो दोरीच्या आत टाकीच्या तोंडापासून हातभर अंतरावर पालथा पडून बॅटरीचा झोत आत टाकत होता.

"आत झोपलेत," मी म्हणाले.

"बघून या."

मी आत गेले. काय बघायचं होतं? पलंगावर चादर होती, सकाळी मीच घडी घातलेली. मी बाहेर आले. त्याला काहीतरी सांगायला हवं होतं, आणि सवयीनं तोंडातून जे आलं ते आलं. "नाहीत. फिरायला गेले असतील. मागच्या दारानं."

त्यानं बॅटरीचा झोत टाकून मला दाखवलं. आत काळ्या पाण्यावर एक चप्पल तरंगत होती. सिमेंटचे ठिपके असलेली. पायरीवर दुसरी एकटीच पडली होती, उलटी. पाईपला हिसके दिले तेव्हा पाईपनंच ती ढकलली असणार. पण ते मला कळत होतं, त्याला नाही. त्याच्या लेखी ताप आलेला एक म्हातारा गुंगीत मागच्या दारानं बाहेर आला होता.

त्यानं बांबू आत खुपसला. चाचपला. "मऊ लागतंय," तो म्हणाला. "खाली कायतरी मऊ लागतंय."

"तो गाळ असेल," मी म्हणाले.

त्यानं काठ्यांची दोरी एका हिसक्यात उपटली आणि कमरेला बांधायला लागला. त्याच वेळी मंगल आली. तिनं चप्पल बघितली, दोरी बघितली, आणि ती त्याच्या अंगावरच धावली.

"अवो, न्हाई! शपथ घेतलीया तुमी!"

"माणूस हाय आत, मंगल."

"बंब बोलवा!"

"बंब येईस्तवर त्यो ऱ्हायचा न्हाई. तू दोर धर."

"म्या न्हाई धरत! म्या न्हाई धरायची!" तिनं त्याच्या शर्टाला दोन्ही हातांनी मिठी मारली. तो तिला झटकत होता. त्याचा एक पाय टाकीच्या कडेला गेला होता, रबरी बूट ओल्या सिमेंटवर सरकत होता. मंगल माझ्याकडे वळून किंचाळली, "म्याडम, तुमी तरी सांगा की ह्यांस्नी!"

मी आजवर अनेकांना अनेक गोष्टी सांगितल्या होत्या. ही एक सोडून.

"आत कुणी नाही," मी म्हणाले.

"चप्पल हाय आत!" तो ओरडला.

"चप्पलच आहे. तिच्यात पाय नाही. रंगनाथ, साहेब नाहीत. साहेब गेले."

"कुठं गेले?"

"वारले. हे घर बांधलं आणि वारले. त्या चपला मी नुसत्या ठेवते." त्याचा पाय अजून कडेवरच होता, म्हणून मी पुढचंही म्हणाले, ओरडूनच म्हणाले, "या घरात कुणी नाही. मी एकटी असते. मी एकटीच असते इथं!"

आजूबाजूला कुणी ऐकायला नव्हतंच. पण मी ऐकलं. तोवर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं पाय मागं घेतला. मंगल त्याच्या पाठीला तोंड लावून रडायला लागली. तो मटकन वाळूत बसला आणि कमरेची गाठ सोडायला लागला, पण गाठ सुटेना. शेवटी तिनंच ती सोडली.

"म्याडम," तो म्हणाला, "मी उतरलो असतो."

"हो."

"कुणासाटी उतरलो असतो, सांगा की."

मीही पायरीवर बसले आणि मला रडू आलं. ते जाऊन इतके दिवस झाले होते, मुलापुढे रडले नव्हते, आणि संडासाच्या उघड्या टाकीपुढे दोन परक्या माणसांसमोर हमसून हमसून रडत होते. वास तर असा सुटला होता की रडायलाही श्वास धड घेता येत नव्हता.

मंगल येऊन माझ्याशेजारी टेकली. "ह्ये गाळाचं बोललं तवाच मला वाटलं हुतं," ती म्हणाली. "बाई मानूस हाय, म्हटलं, असंल कायतर. ह्यांस्नी बोलून दावावं का नगं, त्येच कळंना."

"राग नाही आला तुला?"

"आला की. मघाशी लई आला." तिनं पदरानं नाक पुसलं. "पर ह्ये चार-चार दिस गाडी घेऊन लांब जात्यात, पोरगी झाली तवा म्या बी वस्तीवर एकलीच असायची. ह्यांचा सदरा रोज वला करून दोरीवर टाकायची. आन् दिवस मावळला की दारात येऊन आत बघून वरडायची, 'अवो, ऐकलं का, जेवाय वाढलंय!'"

रंगनाथनं मान वर केली. "ह्ये मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी हुता का घरी, सांगाया?"

मग त्यानं उठून राहिलेलं काम केलं. उरलेलं पाणी उपसलं, भिंतींना कुठं चीर आहे का ते बॅटरीनं लांबून बघितलं, मुळी कुठून घुसली तिथं खूण केली. लांब सळीच्या आकड्यानं ती चप्पल वर काढली. मंगलनं गाडीतल्या पाण्याखाली ती खसाखसा धुतली, दोनदा साबण लावला. मी म्हणाले, "राहू दे गं, टाकून दे." तिनं ऐकलं नाही.

धुतलेली चप्पल तिनं पायरीवर दुसरीशेजारी ठेवली. मी नेहमी ठेवायची तशी, टाचा जुळवून, सरळ. दोन पावलं मागं जाऊन बघितलं आणि मान हलवली. "असं न्हाई. कुठला बाप्या अशा चपला काढतो?" तिनं पायानं एक जरा पुढं सरकवली, दुसरी थोडी वाकडी केली, एक पट्टा खाली दाबला. "आता बघा. आन् रोज हलवत जावा."

मी बघितलं. आत्ताच कुणीतरी पायातून काढून घाईनं आत गेल्यासारख्या त्या दिसत होत्या. हे असेच यायचे. सायकल भिंतीला टेकवायची, चपला अशाच भिरकावायच्या, आणि मी रोज ओरडायची. मेल्यावर त्यांच्या चपला मी इतक्या शिस्तीत लावल्या होत्या की त्या त्यांच्या राहिल्याच नव्हत्या.

रंगनाथनं दोन्ही झाकणं कडेपर्यंत आणली. पहार हातात धरली आणि थांबला.

"नाव काय तुमचं?"

"भिसे."

"तुमचं हो."

हेही बऱ्याच काळात कुणी विचारलं नव्हतं. मी आई होते, मॅडम होते, मिसेस भिसे होते. "कुमुद," मी म्हणाले.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. पण नियम म्हणजे नियम. त्यानं घराकडे तोंड केलं, तोंडाभोवती हात धरले आणि कालव्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली.

"कुमुदताई!"

मला आधी हसू आलं. मग हसू थांबलं. तो वाट बघत उभा होता. मंगल पाईप गुंडाळता गुंडाळता थांबून बघत होती. मी उत्तर दिल्याशिवाय ते दोघं झाकण लावणार नव्हते, आणि मी आहे की नाही हे पक्कं कळल्याशिवाय घरी जाणार नव्हते.

"आहे," मी म्हणाले.

"घरातली समदी आली," तो म्हणाला आणि त्यानं झाकण सरकवलं.

पुढं त्या रस्त्यानं जाताना त्याची गाडी कधीकधी फाटकापाशी हळू व्हायची. थांबायची नाही. नुसती हाक यायची, कधी त्याची, कधी मंगलची, आणि मी घरात जिथं असेन तिथून ओरडायची. अलीकडे ते पलीकडच्या तालुक्यात राहायला गेले असं ऐकते, गाडीही विकली म्हणतात. आता शेजारी घरं झालीत, माणसं आपापल्या दाराआड असतात. मागच्या दाराला कडी घालायच्या आधी मी पायानं चपला जरा हलवते, आणि हाक आलेली नसली तरी उत्तर देऊन टाकते.

"आहे."